वहिनींच्या हातात मिसिंग मारणारी गाडी

"गाडीत काही खराबी नाही, महाजन. चालवणाऱ्या माणसात आहे," पाठकसाहेब म्हणाले. ते चालवणारं माणूस, म्हणजे त्यांची बायको, शेजारीच उभी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत उधन्याला माझं लहानसं गॅरेज होतं. पाठकसाहेब बँकेत अधिकारी, वहिनी कामरेजच्या शाळेत शिक्षिका. गाडी पंधरा वर्षं जुनी. वहिनी नुकत्याच ड्रायव्हिंग शिकल्या होत्या आणि सकाळच्या शाळेला गाडी घेऊन जायच्या. त्यांच्या हातात ती मिसिंग मारायची. संध्याकाळी साहेबांनी घेतली की एकदम ठणठणीत.

मिसिंग म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात पेट्रोलचा भडका ठरल्या वेळी उडायला हवा. एखाद्यात उडाला नाही, की उरलेले तिघे ओढतात आणि गाडी गचके खाते.

"मागे ट्रक हॉर्न मारतो आणि ही पुढे गचके देते," वहिनी म्हणाल्या.

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस, मग काय होणार?"

"तुम्ही कधी बसलात माझ्या शेजारी?"

"तेवढी हिंमत कुठे आहे!"

मी हसलो. खरं म्हणजे मलाही साहेबांचंच पटलं होतं. तरी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. ट्रायलला गाडी छान चालली. दोन दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. मी ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट सेट करून दिले. पुन्हा तेच. साहेबांनी निकाल दिला, "सोमवारपासून बसने जा."

त्या शनिवारी दुपारी वहिनी एकट्याच आल्या.

"भाऊ, दोन बस बदलाव्या लागतील, त्याचं काही नाही. पण मला चालवता येत नाही असं सगळ्या सोसायटीत झालंय. तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

मी पाना पुसत बसलो. पण त्या गेल्यावर डोक्यात आलं, की ही गाडी मी दर वेळी दुपारीच तपासली होती. दुखणं सकाळचं, आणि डॉक्टर आपल्या सोयीने दुपारी नाडी बघतोय.

रविवारी सकाळी साडेसहाला मी त्यांच्या दारात हजर झालो. पाठकसाहेब बनियनवर, गाडीचं बॉनेट उघडं, हातात मग. बादलीतलं पाणी ते थेट इंजिनावर ओतत होते.

"या, या! बघा इंजिन कसं ठेवलंय. रोज धुतो. ही धुळीने माखून आणते ना."

"रोज?"

"रोज. ही निघायच्या आधी."

"मग आता तुम्हीच चालू करा, साहेब."

त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन थरथरायला लागलं. साहेबांनी आधी खाली वाकून आपले पाय बघितले. एकही क्लचवर नव्हता.

मी पकडीने प्लगची एकेक वायर काढून बघितली. चालू सिलिंडरची वायर काढली, की इंजिन आणखी अडखळतं. तिसऱ्याला काही फरकच पडला नाही. म्हणजे तोच बंद होता. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा हा डबा. आत पाणी. पुसून उजेडात धरली, तर केसाएवढी चीर. चिरेत पाणी शिरलं, की करंट प्लगकडे न जाता तिथूनच पळायचा. इंजिन तापून सगळं वाळलं, की गाडी पुन्हा शहाणी.

कोरडी कॅप बसवली आणि इंजिन सुरळीत चाललं. मी ते बंद केलं.

"म्हणजे कशामुळे होत होतं?" दारातून वहिनींनी विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

साहेब मगाकडे बघत पुटपुटले, "माझ्या धुण्यामुळे."

"जरा मोठ्याने. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही."

इंजिन तर बंदच होतं, तरी साहेबांनी मोठ्याने सांगितलं. वरच्या गॅलरीतल्या शेजाऱ्यांनीही ऐकलं.

त्याच दिवशी नवी कॅप बसवली. सोमवारी वहिनी गाडीनेच शाळेला गेल्या. साहेब आता फक्त चाकं धुतात, असं नंतर कळलं. मी वहिनींची माफी मागितली, तेव्हा "असू दे" म्हणाल्या, पण वही तपासून परत दिल्यासारखं.

तेव्हापासून गिऱ्हाईक बायकोच्या ड्रायव्हिंगबद्दल बोलायला लागलं, की मी विचारतो, "ते बघू नंतर. गाडी धुतं कोण?"