पट्टा पडेपर्यंत

आमचे आबा एका जागी बसलेले मी कधी पाहिलेच नाहीत. जेवतानासुद्धा त्यांचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. या माघात ते गेले, आणि आता मलाच घरात बसवत नाही.

खर्ड्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, पण हिवाळ्यातलं घर कसं असतं हे आबांना म्हातारपणापर्यंत ठाऊक नव्हतं. दसरा उलटला की ट्रक दारात, आणि आबा-आजी पोराबाळांसकट ऊसतोडीला. फडाजवळ उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची कोपी घालायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथंच राहायचं. माझे वडील, बिभीषणअण्णा, पुणतांब्याकडच्या उसात जन्मले. बायडाआजी चार दिवसांत पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली. आबा हे कौतुकानं सांगायचे आणि माझं डोकं फिरायचं.

"मंग काय करावं गं पंकजा? एक मानूस उठलं की कोयता मोडतो," ते म्हणायचे.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. एकानं पाठ फिरवली की दुसऱ्याला काम नाही. म्हणून आबांचा कायदा होता. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून शेवटची गाडी गुलाल उधळत कारखान्यावर जाईपर्यंत, कुणी फड सोडायचा नाही. लग्न असो की मयत. ते स्वतः कधी मध्येच उठून आले नव्हते. त्यांची आई गेली तेव्हाही नाही, पण तिचा निरोपच उशिरा पोचला होता, असं घरात सगळे सांगत.

आजी गेली, आबांची कंबर धरली, तेव्हा कुठं ते माझ्याबरोबर गावात राहिले. आई-अण्णा फडात आणि मी आबांच्या ताब्यात. माझी वेणी ते मोळी आवळावी तशी आवळायचे. शाळेत डोकं ठणकायचं, तरी दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यायला मला आवडायचं नाही. दिवाळी झाली की मात्र हा माणूस हातातून जायचा. गाठोडं बांधून एसटी स्टँडवर बसायचा. मी आणायला गेले की म्हणायचे, "गाडी कवा येती तेवढं बघतो." मी दंडाला धरून घरी आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदा संक्रांत झाली आणि आबांनी अन्न टाकलं. जामखेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घरीच ठेवा, माणसं बोलवून घ्या. मी मोबाईल हातात घेतला तर आबांनी माझं मनगट धरलं.

"बिभीषनला कळवायचं न्हाई. पट्टा पडू दे."

पट्टा पडायला अजून दोन महिने होते! मी भांडले. म्हटलं, तुम्ही कारखान्याचे चेअरमन आहात का? त्यांनी डोळे मिटून घेतले. दिवसभर मी आत-बाहेर, आत-बाहेर. दूध उतू गेलं. शिवायला आलेल्या ब्लाउजची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मोबाईल घ्यायची आणि ठेवायची. आतून आबांचा आवाज यायचा, "पडला का गं पट्टा?" नाही म्हटलं की मला भीती वाटायची, आता ते पुन्हा विचारणारच नाहीत.

तिन्हीसांजेला मी परसात जाऊन फोन लावला. "अण्णा, निघा. आबांच्या रागाचं मी बघते."

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. आईला फडातच बसवून आले होते; दोघांना एकदम टोळीचा मुकादम सोडत नाही. दारात थबकले आणि मला हळूच विचारलं, "गुलाल हाय का घरात?"

मी देव्हाऱ्यातली डबी दिली. त्यांनी कपाळभर गुलाल फासला, टोपीवर झटकला आणि खाटेपाशी जाऊन बसले.

"पट्टा पडला, आबा. समदी येत्यात मागनं."

आबांनी डोळे उघडले. गुलाल बघितला. मग अण्णांचे दोन्ही हात ओढून घेतले. पाचटानं चिरलेले, रसानं काळे पडलेले, कालपर्यंत कामात असलेले हात. त्यांवरून ते अंगठा फिरवत राहिले. आता हा म्हातारा पोराला आल्या पावली परत लावणार, असंच मला वाटलं.

"खोटं बोलतूस," आबा म्हणाले.

अण्णांनी मान खाली घातली.

"माज्या आईचा निरोप मला येळंवर आल्ता. उशिरा आला म्हून म्या समद्यांला सांगितलं. गाडी भरायची हुती." त्यांना धाप लागली. "मुकादमाला काईबाई खोटं सांगून निगता आलं आसतं. मला सुचलं न्हाई रं."

मग कंबरेला कळ लागत असताना ते इंच इंच भिंतीकडे सरकले आणि खाटेवर अण्णांपुरती जागा केली.

"पड हितं," म्हणाले. "लगीच जाऊ नको."