भैरवगढचा हिरवा थेंब

आज माधवनगरात गाडीतून गोडसर, उकळल्यासारखा वास आला. मी गाडी बाजूला घेतली आणि कापडछपाईचं भैरवगढ आठवलं. तिथे बाबांची गाडी अशीच तापली होती. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट गळतंय हे वासावरून कळत होतं, पण कुठून? छपाईच्या रंगीत पाण्याने जमीन आधीच हिरवी-लाल झालेली.

आईने छापायला आणलेली कोरी चादर पुढे केली. "अहो, ही अंथरा खाली."

"अगं, खराब होईल!"

"होऊ द्या. पता तो चलेगा!"

आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून वाकून बघत राहिलो. पाइपाच्या जोडाखाली टपकन हिरवा थेंब पडला, तशी आई टाळ्या पिटायला लागली.

चादर धुऊन, छापून आली तेव्हा डाग पार गेला होता. आई फुलाफुलांत तो शोधत बसली. मला हसू आलं होतं.

आज इंजिनाखाली माझी ओढणी अंथरून वाकले आहे, आणि आईसारखं मलाही वाटतं, तो डाग राहायला हवा होता.