घंगाळातले हळकुंड

मखमलाबाद शिवारातल्या एका मळ्यातून तांब्याचे घंगाळ चोरीस गेल्याची फिर्याद आमच्या ठाण्यात दाखल झाली, ती २००६ सालची दिवाळी उलटल्यावर. मी तेव्हा नाशिक शहरातल्या त्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले. त्यांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. या घंगाळाचा तपास मात्र क्रमाने सांगता येतो.

फिर्याद द्यायला दोन भाऊ आले होते. मळ्यात भाजीपाला आणि फुले. वर्षभरापूर्वी वाटणी झाली होती. एकाच घरात दोन चुली. दोघे एकाच मोटारसायकलवरून आले आणि ठाण्यात वेगवेगळ्या बाकांवर बसले. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. एवढ्यासाठी गुन्हा नोंदवायचा का, असा तो प्रश्न होता. मी नोंदवायला सांगितले, कारण थोरल्याने घंगाळाचे वर्णन करताना आवाज खाली आणला होता. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नवऱ्या मुलाचे आणि नवरीचे हळदीचे नहाण त्याच घंगाळातल्या पाण्याने झाले होते. आता थोरल्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. घंगाळ म्हातारीच्या, म्हणजे या दोघांच्या आईच्या, माहेरून आलेले. काठाखाली तिच्या वडिलांचे नाव कोरलेले.

फिर्यादीत ‘अज्ञात चोरटा’ असे लिहिले गेले. सही झाल्यावर थोरल्याने मला बाजूला घेऊन धाकट्यावर संशय सांगितला. तो बाहेर गेल्यावर धाकट्याने थोरल्यावर सांगितला.

घटनास्थळाचा पंचनामा केला. घंगाळ माळ्यावर असायचे. तिथे धुळीत त्याचा गोल ठसा होता. शेजारी पितळेचे दोन हंडे आणि एक मोठी समई जागच्या जागी. कडी, कुलूप शाबूत. हवालदाराने दोन्ही भाऊ, दोन्ही सुना आणि गडीमाणसांचे जबाब घेतले. ओसरीत म्हातारी शेवंतीची फुले निवडत होती. ती उठू लागली तेव्हा हवालदार तिला आदराने म्हणाला, “आजी, तुम्ही बसा.” ती बसली.

खबर मिळाली ती भांड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून. तो जुनी भांडी मोडीत घेत असे. चोरीचे तांबे-पितळ कोणी आणले तर कळवायचे, असे आम्ही त्याला सांगून ठेवले होते. तो स्वतःच ठाण्यात आला, चहा घेतला आणि कुरकुर सुरू केली. दिवाळीपासून त्याच्याकडे एक धड बंब आला नव्हता. कॉलेज रोडच्या बाजूला एका पोराने दुकान टाकले आहे, लोक जुन्या वस्तू नेऊन देतात, तो त्या कॉम्प्युटरवर विकतो.

“साहेब, मी मोड घेतो तर तोलून घेतो, सगळ्यांच्या देखत,” तो म्हणाला. “तिथं कोण आणतं, कुठून आणतं, कोणाला ठाऊक? परवा माझ्या पुतण्यानं सायबर कॅफेत बघितलं. घंगाळ होतं. एवढं मोठं.”

त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. धंद्यातला मत्सर उघड होता, पण मत्सरातून मिळालेली खबर बहुधा खरी असते. आम्ही निघालो.

दुकान एका इमारतीच्या तळमजल्यावर होते. वर पाटी: ‘तुमची वस्तू आणा. आम्ही ऑनलाइन विकू.’ आत कॅमेरे, घड्याळे, शिवणयंत्रे, ग्रामोफोन, बंब, अडकित्ते. मालक तिशीच्या आतला, पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. लोकांच्या वस्तूंचे फोटो काढायचे, लिलावाच्या वेबसाइटवर टाकायचे, विकल्या गेल्या की आपली दलाली ठेवून बाकी रक्कम मूळ मालकाला द्यायची, असा व्यवसाय होता. घंगाळ विकले गेले होते आणि द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या जोडून केलेल्या खोक्यात बांधून तयार होते. खोके पंचांसमक्ष उघडले. काठाखाली नाव तेच निघाले. फोटोत हे नाव का दिसत नाही, असे विचारले. तो म्हणाला, दुसऱ्याचे नाव असलेले भांडे लोक घेत नाहीत, म्हणून नावाची बाजू भिंतीकडे करतो.

पोलिसाला हे उत्तर कसे वाटेल ते सांगायला नको. त्याला खोक्यासकट ठाण्यात आणले. चोरीचा माल जवळ बाळगणे, कलम ४११. मागोमाग त्याचे वडील आले आणि व्हरांड्यात उभे राहिले. दुकानाची अनामत त्यांनी भरली होती. मुलावर गुन्हा लागला तर लोक दुकानात पाऊल ठेवणार नाहीत, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यात अतिशयोक्ती नव्हती. लोकांनी आपल्या वस्तू विश्वासाने ठेवायच्या, यावरच ते दुकान उभे होते.

घंगाळ कोणी आणून दिले, हा माझा पहिला प्रश्न. त्याला आठवेना. वस्तू आठवते, माणूस आठवत नाही, असे तो म्हणाला. लग्नसराईच्या तोंडावर रोज गर्दी, त्यात कोणी आजोबा, कोणी मामी, कोणी जावई. कागद ठेवतोस की नाही, असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. कागद मागितला की लोक म्हणतात, आमच्यावर विश्वास नाही का, आणि वस्तू उचलून घरी जातात.

मग मी त्याला धंदा कसा चालतो ते सांगायला लावले. ही जुनी पद्धत आहे. चोरीचा माल घेणारा अशा वेळी धंदा उत्तम चालल्याचे सांगतो, म्हणजे पैसा कुठून आला याचे उत्तर तयार राहते. हा पोरगा तक्रारच करू लागला, आणि ती बराच वेळ चालली.

साबण विकणाऱ्याला एक फोटो पुरतो, त्यावर तो हजार वड्या विकतो. याच्याकडे प्रत्येक वस्तू एकुलती एक. प्रत्येकीचा फोटो वेगळा, वर्णन वेगळे, खोके वेगळे. घेणारा विचारणार, वजन किती, उंची किती, गळते का. मग हा पाणी भरून बघणार. एवढे करून दलाली तेवढीच, वस्तू अडकित्ता असो की ग्रामोफोन. कुरिअरमध्ये पोचा पडला की भरपाई याच्या खिशातून. आणि देणाऱ्याची किंमत शेजाऱ्याने सांगितलेली, म्हणजे दुप्पट.

“हे सगळं जमवता येईल साहेब,” तो म्हणाला. “पण लोक विकायला येतच नाहीत.”

“मग कशाला येतात?”

“स्थळ बघायला. घेणारा कोण, गाव कुठलं, घरात माणसं किती, भांडं नीट ठेवतील ना? चांगल्या घरी जाऊ दे, म्हणतात. लिलाव संपला की दुसऱ्या दिवशी यांचा भाऊ येतो, आमच्या बहिणीला विचारलं नव्हतं म्हणून वस्तू परत नेतो. तिकडे घेणारा माझ्या नावानं वेबसाइटवर शिव्या लिहितो. त्या वाचून पुढचा घेत नाही. मी दुकान चालवत नाही, वधू-वर सूचक मंडळ चालवतोय.”

हवालदार हसला आणि मग खोकला. पोराचे लक्ष नव्हते. त्याला दुकान उघडल्यापासून कोणी एवढे विचारले नसावे.

“वर मुंग्या,” तो म्हणाला.

“कसल्या मुंग्या?”

“भांडं रिकामं देत नाहीत ना कोणी. कोणी तांदूळ घालतं, कोणी गूळ. गूळ कोपऱ्यात चिकटून राहतो. दाणे मी चिमण्यांना टाकतो.”

त्या घंगाळात काय होते, असे मी विचारले. तो म्हणाला, मूठभर गहू आणि हळकुंड. गहू चिमण्यांनी खाल्ले. हळकुंड टाकवेना, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवले.

त्याला तिथेच थांबवले. शिपाई पाठवून हळकुंड आणवले. ते टेबलावर ठेवले. माळ्यावरून तांबे उचलून पळणारा माणूस त्यात गहू घालत नाही, हळकुंड तर नाहीच. भांडे घराबाहेर रिकामे द्यायचे नाही, हा रिवाज घरच्या बाईच्या हातात असतो. घंगाळ चोरीला गेले नव्हते. कोणीतरी त्याची पाठवणी केली होती.

स्त्रियांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला पोलीस बरोबर घेऊन मळ्यात गेलो. दोन्ही सुनांना हळकुंड दाखवले. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. ओसरीतून म्हातारी म्हणाली, “हिकडं आणा ते. माझं हाय.”

तिचा जबाब माझ्या नोकरीतला सर्वांत सरळ जबाब ठरला. आढेवेढे नाहीत, विसंगती नाही.

“दोन चुली झाल्या, दोन तवे घेतले, दोन कुकर घेतले. घंगाळ येक. थोरली म्हनती माझ्या पोरीच्या हळदीला, धाकटी म्हनती मंग ते तिकडंच ऱ्हाईल. दिवाळीत भाऊबीज सोडून ह्येच चाललं व्हतं. कापून देऊ का दोघींना?” म्हणून ते विकून त्या पैशात सारखी दोन घंगाळे घ्यायची, असे तिने ठरवले. फुलांचा टेम्पो सकाळी येतो. टेम्पोवाल्याला, गळते म्हणून डाग द्यायला न्यायचे आहे असे सांगून तिने घंगाळ माळ्यावरून उतरवून घेतले आणि त्याच्याच शेजारी बसून दुकानात गेली.

जुनी मोड घेणाऱ्याकडे का गेली नाही, असे मी विचारले.

“त्यो मोडतो,” ती म्हणाली. “माझ्या बापानं दिल्यालं हाय. मोडायचं नाय. ह्यो पोरगा आख्खं देतो, अशी पाटी मागं येकदा वाचून दावली व्हती टेम्पोवाल्यानं.”

मुलांनी फिर्याद दिली, पोलीस येऊन गेले, तेव्हा ती का बोलली नाही, हा प्रश्न उरला होता. त्यावर तिने हवालदाराकडे बोट केले.

“ह्यांनी समद्यांला इचारलं. मला म्हनले, आजी तुम्ही बसा. मी बसले.”

हवालदार अंगणातली शेवंती पाहू लागला. म्हातारी पुढे म्हणाली, “आन् खरं सांगू का साहेब, चोर आल्यापासनं घर लय शांत व्हतं. दोघं भाऊ येका गाडीवर बसून गेले. सुना येका कपात चहा प्यायला लागल्या. म्हनलं, ऱ्हाऊ दे चोर थोडे दिवस.”

दुकानदाराला ठाण्यात बसवले आहे, हे ऐकल्यावर मात्र ती उठली, पदर खोचला आणि जीपकडे चालू लागली. जबाब इथेच झाला, यायची गरज नाही, असे महिला पोलिसाने सांगितले. “तुमचा झाला,” ती म्हणाली.

ठाण्यात तिने पोराला दोन गोष्टी विचारल्या: जेवलास का आणि घंगाळ कोणाकडे जाणार. पहिलीचे उत्तर त्याचे वडीलच देऊ लागले. दुसरीवर तो अडखळला. बंगळूरजवळच्या एका हॉटेलाने घेतले होते. पाणी भरून, फुले सोडून दाराशी ठेवणार होते. मागोमाग आलेले दोन्ही मुलगे म्हणू लागले की घंगाळ कुठे जाऊ द्यायचे नाही, आम्ही भांडणार नाही. आता व्यवहार मोडणार असे मला वाटले. पोरालाही वाटले असावे. त्याचा चेहरा दुकानात रोज जसा होत असेल तसा झाला.

म्हातारीने थोडा विचार केला. “फुलंच ना? फुलांच्याच घरातलं हाय ते,” ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. “शबुद दिलाय. पोर दिल्यावर परत आनीत नाय.”

खोके पुन्हा बांधताना तिने हळकुंड मागून घेतले. मुद्देमालात ते अजून चढवले नव्हते. ठाण्याच्या कॅन्टीनमधून गहू मिळाले नाहीत, मूठभर तांदूळ मिळाले. दोन्ही घंगाळात घालून तिने पोराला सांगितले की भांडे रिकामे कोणाच्या दारात नेऊ नये. कलम ४११ लागले नाही. फिर्याद गैरसमजातून दिलेली, म्हणून तपास बंद करण्याचा, ‘क’ समरीचा, अहवाल कोर्टात पाठवला. लग्नाला हवालदार जाऊन आला. दोन नवी घंगाळे शेजारी शेजारी ठेवली होती, असे त्याने सांगितले.

त्या दिवशी घरी जेवताना पत्नीला ही हकीकत सांगितली. ती माझ्या कामाबद्दल सहसा विचारत नसे. त्या पोरावर गुन्हा लागणार नाही ना, हे तिने दोनदा विचारले.

या तपासानंतर मी एक सवय लावून घेतली. घरातली वस्तू गेली अशी फिर्याद आली की वस्तू कुठे होती याआधी ती कोणाची होती हे विचारायचे, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा जबाब आधी घ्यायचा. बऱ्याच फिर्यादी त्यातच मिटल्या.

दुकान पुढच्या वर्षी बंद झाले. पोलिसांमुळे नव्हे; त्याने ठाण्यात सांगितली होती तीच कारणे पुरेशी ठरली. तो दिंडोरीकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये लागला. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा खुशीत दिसला. “साहेब, तिथं सगळ्या पेट्या सारख्या,” तो म्हणाला. “आणि एकही द्राक्ष परत मागायला कोणी येत नाही.”

दुकान बंद करताना न विकलेल्या वस्तू त्याने स्वतः घरोघर पोहोचवल्या. त्यात एक पितळी जेवणाचा डबा होता. फौजदार असताना बंदोबस्तावर मी तो नेत असे. पोराने तो आमच्या क्वार्टरच्या दारात पत्नीच्या हाती दिला, तेव्हा मी रजेवर घरीच होतो. डबा उघडून पाहिला. आत मूठभर साखर होती.