फाटक अडवणारा मागूर

जिते गावाजवळच्या रेल्वे फाटकावर जनू वीस वर्षं गेटमन होता. एवढ्या काळात त्याच्याविरुद्ध एकच तक्रार गेली, तीही एका माशापायी.

१९९१चा श्रावण. गाडी गेली, जनू फाटक उघडायला वळला, तर भाताच्या खाचरातून दीड वीत लांबीचा एक मागूर मासा रस्त्यावर आलेला. कल्ल्यांमागच्या काटेरी परांवर कोपरं टेकल्यासारखा जोर देत, अंग वळवत तो पलीकडच्या शेताकडे निघाला होता. मागूर हवेतही श्वास घेतो, त्यामुळे त्याला घाई नव्हती. मध्येच थांबून त्यानं आठही मिशा हलवल्या. चिरडला जाईल म्हणून जनूनं फाटक बंदच ठेवलं. बारा मिनिटं. पलीकडे जीपमध्ये नेमके रेल्वेचे मोठे साहेब.

खुलासा मागवला गेला. जनूनं लिहिलं, "मासा चालत होता."

उत्तर आलं, "मासा चालत नाही. सिद्ध करावे."

"अवो, त्यात काय?" त्याची बायको मैना म्हणाली. "एक न्या नि दाखवा." तिनंच खाचरातून मागूर धरून डब्यात घालून दिला.

रोह्याच्या ऑफिसात साहेबांनी टेबल सरकवून जागा केली. मागूर फरशीवर ठेवला. तो हलेना.

"चालत नाही. लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले.

"सायेब, फरशी कोरडी हाय. वल नाय तर तो कशाला चालंल?"

शिपायानं माठातलं पाणी ओतलं. मागुरानं हवेचा घोट घेतला, कोपरांवर उठला आणि सरळ फायलींच्या कपाटाखाली गेला.

"चालला!" साहेब आनंदानं ओरडले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी कपाटाखाली हात घातला.

"सायेब, काटा हाय त्याला—"

साहेबांचं बोट वांग्याएवढं सुजलं. डाव्या हातानं त्यांनी हुकमावर सही केली: मासा चालतो, हे मान्य. तथापि यापुढे जलचरासाठी फाटक बंद ठेवू नये.

मागूर शिपायानं झाडूच्या दांड्यानं बाहेर काढला. जनूनं तो मैनाकडे परत आणला आणि हुकूम दोनदा वाचला.

"बेडूक जलचर व्हय गो?"

"अर्धा असंल."

जनूनं तसं रीतसर विचारलं. निवृत्त होईपर्यंत उत्तर आलं नाही, आणि तोवर त्यानं बेडकांना प्रत्येकी अर्धं मिनिट दिलं.