मामांची जाळी

साऱ्या वऱ्हाडात स्वतःला पोहता येत नसताना पोहण्याच्या तलावावर हुकूमत गाजवणारा माणूस एकच, ते म्हणजे माझे मामा. अमरावतीच्या एका व्यायामशाळेच्या तलावावर ते पंप सांभाळायचे. पंपाच्या तोंडाशी पाला-कचरा अडवणारी जाळी होती, ती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज पंप बंद करून, व्हॉल्व्ह फिरवून, झाकण उघडून ते ती बाहेर काढत अन् काथ्यानं अशी घासत की मामीनं एकदा ऐकवलंच, "घरचं एक भांडं असं घासलं असतं तं धन्य झाली असती मी!" जाळीत सापडलेले करदोडे, ताईत ते खिळ्याला टांगून ठेवायचे अन् भल्या भल्या पैलवानांना दरडावायचे, "कमरेचं सांभाळता येत नाई, अन् कुस्ती काय खेळता बाप्पा?" जाळीला कुणी नावं ठेवली, की त्या दिवशी मामा जेवत नसत.

एकोणीसशे साठच्या आसपास तिथं मुलींसाठी सकाळचा एक तास सुरू झाला. केवढं अप्रूप होतं आम्हाला! मामा दाराशीच सांगायचे, "अंबाडा घट्ट बांध वं पोरी, केस माह्या जाळीत येते." आठवडा झाला नाही तोच पंप तापून बंद पडला. व्यवस्थापकांनी काही न बघताच निकाल दिला: पोरींच्या केसांनी पंप तुंबला, पोरींचा तास बंद! नुकतेच कुठं काठ सोडून चार हात मारायला लागले होते मी. घरी येऊन ढसाढसा रडले.

संध्याकाळी मामांनी पंपाचं झाकण उघडलं अन् जाळी हातात घेताच चूक उमगली, चूक त्यांचीच होती. पाणी पिण्याचं असो की पोहण्याचं, दुहेरी फडक्यातून गाळलंच पाहिजे, हा त्यांच्या घरचा कायदा. मुली येणार म्हणून त्यांनी हौसेनं जाळीलाही धोतराचं फडकं बांधलं होतं. रोज धुऊनही आठवड्याभरात ते गाळानं गच्च झालं अन् त्यातून पंपाला पाणी ओढताच येईना.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते व्यवस्थापकांपुढे उभे राहिले. जाळी टेबलावर ठेवली, फडक्यासकट.

"साहेब, पोट्ट्यायचा दोष नाई. फडकं मीच बांधलं. काढायचं तं मले काढा, त्यायचा तास काहून बंद करता?"

साहेबांनी फडक्याची गाठ चाचपून बघितली. मग म्हणाले, "सोडा ते फडकं, अन् पंप चालू करा. पोरींचा तासही."

त्याच उन्हाळ्यात मी तलाव आरपार पोहले. माझ्यासाठी मामांनी नोकरी पणाला लावली होती, हे कळण्याइतकी मी मोठी होते. पण त्यांनी विचारलं, "पाणी साफ होतं नं वं?" अन् मी नुसतं "हो" म्हटलं. तेवढ्यावर मामा दिवसभर खुशीत होते. अजून थोडं काही बोलायला हवं होतं मी.