विमलाबायची कोरडी गल्ली

डिसेंबरातल्या एका सकाळी जूचंद्रच्या खालच्या गल्लीत शाळेची पोरं शिरली. अंगावर गणवेश, डोक्याला टोप्या, पाठीला दप्तरं. सगळ्यांच्या पुढे असलेल्या मुलाच्या हातात लाल-पांढरे पट्टे मारलेला उंच बांबू. विमलाबाय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. बांबू दिसला आणि तिचा हात सुपातच थांबला.

पट्टे मारलेली काठी गावात आली की पाठोपाठ गावातलं काहीतरी जातं. हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. नवरा मिठागरावर कामाला होता तेव्हाची गोष्ट. असलीच काठी पुढे रोवून, तीन पायांवर दुर्बीण ठेवून एक माणूस खाडीच्या बाजूला दिवसभर एक डोळा मिटून उभा होता. दुपारी ह्याच ओट्यावर बसून त्यानं भाकरी-बोंबील खाल्लं, "ताई, जेवण एक नंबर" म्हणाला. कसलं काम म्हणून विचारलं तर हसून म्हणाला, "काही नाही, नकाशा काढतोय." वर्ष फिरलं नाही तोच दिराच्या भातशेताच्या कडेनं निळे पत्रे लागले. पत्र्यांमागे मातीचा भराव पडला, भरावावर टोलेजंग कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि कॉम्प्लेक्सला दगडी भिंत आली. त्या भिंतीखाली गावाचं पाणी खाडीकडे नेणारी जुनी मोरी गाडली गेली. दीर काय, सही करून मोकळा झाला. विमलाबाय मात्र तेव्हापासून नकाशा म्हटलं की पदर खोचते.

"ए, थांबा! कोनाची मानसं तुमी?"

"आजी, आम्ही नववीचे. भूगोलाची क्षेत्रभेट आहे," बांबूवाला म्हणाला.

"भूगोल शाळंत शिकवतात. माज्या दारात काय भूगोल सांडलाय?"

पोरं खिदळली. मागून त्यांच्या बाई पुढे आल्या. मार्गारेट टीचर, माणिकपूरच्या. सुती साडी, पायात बूट, गळ्यात बारीक क्रूस. बोलणं गोड. गोड बोलणाऱ्या माणसाला विमलाबाय आधी पाणी देत नाही, आधी नाव विचारते.

नाव सांगून झाल्यावर टीचर म्हणाल्या, "आजी, पावसाळ्यात गावात पाणी कुठवर चढतं त्याचा मुलं नकाशा करतायत. तुमच्याकडे कुठवर आलं होतं, एवढंच सांगा."

"पानी? हितं पानी येत नाय."

"थोडंसुद्धा नाही?"

"टीचर, तुमाला मराठी समजतं ना? नाय म्हनजे नाय. कोरडी गल्ली हाय ही."

टीचर भिंतीकडे बघत होत्या. घराला पिवळा चुना, पण खालच्या बाजूला जमिनीपासून मांडीपर्यंत निळ्या ऑइलपेंटचा चकचकीत पट्टा. शेजारच्या घराला हिरवा, त्याच्या पलीकडे तपकिरी.

"पट्टा छान दिसतो. सगळ्या गल्लीनं मारलाय की."

"वल लागते भिंतीला. आनि शोभा येते. का, रंगाला बी परवानगी लागते?"

एवढ्यात तिला पोरांच्या घोळक्यात एक ओळखीची वेणी दिसली. दोन उंच मुलांच्या मागे दप्तरात तोंड खुपसून उभी. क्षितिजा. तिच्याच लेकाची लेक, तिच्याच ताटात जेवणारी.

म्हणजे घरभेदी घरातच! पोरं पुढे गेली, पुढच्या दारात विचारत राहिली, आणि विमलाबाय जे बोलली तेच अख्खी गल्ली बोलली. पाणी येत नाही. कधीच आलं नाही. कोण म्हणतं?

गल्लीला खोटारडी म्हणणं सोपं आहे. ज्याचं पोट त्या खोट्यावर चालत नाही त्यानं म्हणावं. भात गेलं, मिठागर गेलं. राहिल्या त्या घरामागे बांधलेल्या खोल्या. विमलाबायच्या खोल्यांत भाडेकरू असतील तर चूल पेटते, क्षितिजाची फी भरली जाते. पाण्याचं नाव निघालं की भाडेकरू उठून नायगावच्या चौथ्या मजल्यावर जातो. म्हणून गल्लीनं पाण्याची दोन मापं ठेवली होती. भरपाईचा पंचनामा असला की पाणी छातीला, भाडेकरू आला की घोट्याला, तेही "एकदाच, लई वर्सांपूर्वी". आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी तपकिरी रेघ उरायची, तिच्यावर गणपतीआधी ऑइलपेंट. रेघ जिथवर, रंग तिथवर. जास्त कशाला? रंग फुकट मिळत नाही.

संध्याकाळी क्षितिजा दप्तर टाकून उभी राहिली तेव्हा विमलाबायनं तिला समोर बसवलं.

"त्या बाईला हितं कोनी आनलं?"

"टीचरनी वर्गात विचारलं, कोणाच्या एरियात पाणी भरतं? मी हात वर केला."

"हात वर केला! वा गो माजी बाय! उद्या इचारतील कोनाची आजी सोनं कुटं ठेवते, तवा बी कर हात वर."

"आजी, अभ्यास आहे तो. मार्क असतात त्याला."

"दुर्बीनवाला बी अभ्यासच करत होता. हे बघ, आपल्या गल्लीचं पानी तू कुनाला सांगायचं नाय. माजी शपथ हाय तुला. सांगितलंस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

"असल्या शपथा सायन्समध्ये चालत नाहीत."

"भूगोलात चालतात. घे शपथ."

क्षितिजानं घेतली. रडत घेतली, पण घेतली.

जानेवारीत शाळेत प्रदर्शन भरलं. विमलाबायला जायचं नव्हतं, पण आपल्या गावाचं काय काय लिहून ठेवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला झोप आली नसती. भिंतीवर मोठ्या कागदावर जूचंद्र काढलेलं होतं. देवीचा डोंगर, तळं, रस्ते, कॉम्प्लेक्स. पाणी भरतं तिथं निळा रंग. शेजारच्या आळीत, रस्त्यावर, मैदानात निळं होतं. खालची गल्ली मात्र पांढरीफटक, जणू राजस्थानातून उचलून आणून चिकटवली होती. खाली अक्षरं होती: "रहिवाशांच्या माहितीनुसार."

क्षितिजा नकाशाशेजारी उभी होती, नकाशाकडे पाठ करून. मार्गारेट टीचर शेजारी आल्या.

"आजी, तुमच्या गल्लीचं मला कोडं पडलंय. पाणी उतारानं खाली येतं आणि तुमच्याच दारातून परत फिरतं."

"देवीची कृपा," विमलाबाय म्हणाली आणि निघाली. पण जाताना तिनं एक गोष्ट टिपली. काळा गॉगल डोक्यावर चढवलेला एक माणूस मोबाइलनं नकाशाचा फोटो काढत होता. एकदा काढला, मग जवळ जाऊन खालच्या गल्लीचा वेगळा काढला. त्याला तिनं कुठंतरी पाहिलं होतं. कुठं, ते घरी पोचेपर्यंत आठवलं नाही. दारात आली आणि समोर कॉम्प्लेक्सचं फाटक दिसलं. हा तिथंच उभा असायचा, बिल्डरचा माणूस.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टीचरनंच त्याला बोलावलं असणार. नकाशाचे पैसे झाले असणार. नाहीतर शाळेच्या पोरांच्या चित्राचा फोटो बिल्डर कशाला काढेल? ती क्षितिजाला खोदून खोदून विचारी, टीचरकडे गाडी कुठली, टीचरचा नवरा काय करतो. क्षितिजा एवढंच म्हणे, "तूच सांगितलंस ना कोरडी म्हणून?"

मग पाहणीचा दिवस आला. गल्लीतला नरहरी घरत, एसटीतला निवृत्त कंडक्टर, गाडलेल्या मोरीसाठी पालिकेत खेपा घालून चपला झिजवत होता. अर्जावर सगळ्या गल्लीच्या सह्या होत्या. विमलाबायचीही. तिनं एकच अट घातली होती, भाडेकरूंसमोर मोठ्यानं वाचायचा नाही. अर्जाला वर्ष झाल्यावर इंजिनियर साहेब जागेवर आले. नरहरीनं भिंत दाखवली, मोरीची जागा दाखवली.

"हिनं आडवलंय साहेब. पावसात पाणी मागं फिरतं आणि आमच्या घरात शिरतं."

गॉगलवाला फाटकातून हसत हसत आला. मोबाइल काढून साहेबांपुढे धरला.

"सर, हा बघा. गावातल्याच पोरांनी, शाळेनं केलेला सर्वे. सगळीकडे निळं आहे, ह्या गल्लीत थेंब नाही. घरमालकांनीच सांगितलंय. मग आमची भिंत कुणाला नडते?"

नरहरीनं विमलाबायकडे पाहिलं. ते बघणं तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. दुर्बीणवाल्यानं निदान परक्याच्या कागदावर फसवलं होतं. ह्या कागदाला शब्द तिनंच पुरवले होते.

साहेब तिच्याकडे वळले. "मावशी, तुमचं घर सगळ्यात खाली. तुम्हीच सांगा, येतं का पाणी?"

ओट्याच्या कोपऱ्यावर तिचा भाडेकरू पियुष ब्रश तोंडात धरून उभा होता. रिकाम्या खोलीच्या दारात, खोली बघायला आलेलं एक जोडपं. बाईनं नुकतंच विचारलं होतं, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं. आणि नळाशी क्षितिजा, शाळेला निघालेली. ओठ दातांखाली घट्ट धरलेले.

विमलाबायनं एकेकाकडे पाहिलं. मग नातीला म्हणाली, "क्षितिजा. शपथ सुटली. बोल."

"काय बोलू?"

"जे काय तुजा भूगोल सांगतो ते बोल. आता का वाचा गेली?"

क्षितिजा नळापासून पुढे आली. मग साहेबांना म्हणाली, "सर, इथून नाही दिसणार. गल्लीच्या तोंडाशी चला."

सगळे गेले. तिनं हात लांब केला.

"पट्टे बघा. रंग नका बघू, पट्ट्याची फक्त वरची कड बघा."

निळा, हिरवा, तपकिरी, प्रत्येक घराचा रंग वेगळा. खालच्या घराला पट्टा मांडीपर्यंत, मधल्या घरांना गुडघ्यापर्यंत, चढावर नरहरीच्या घराला जेमतेम वीतभर, आणि त्याच्या पुढे पट्टाच नाही. पण वरची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणल्यासारखी सरळ.

"जमीन उतरते, कड उतरत नाही. असं फक्त पाणीच करतं सर. सारख्या उंचीच्या अशा रेघेला पुस्तकात समोच्च रेषा म्हणतात. आमच्या गल्लीनं ती ऑइलपेंटनं काढलीय. पाण्याची खूण लपवायला."

विमलाबाय घराकडे चालत गेली, कोयता घेऊन आली आणि स्वतःच्या भिंतीवरचा निळा रंग खरवडू लागली. निळ्याखाली हिरवा निघाला, त्याची कड बोटभर खाली. हिरव्याखाली आणखी दोन-तीन रंग, आणि सगळ्यात खाली लाल. वर्षाला एक रंग, आणि प्रत्येक वर्ष आदल्याच्या डोक्यावर.

"ह्यो लाल हाय ना, तवा भिंत नवती," ती गॉगलवाल्याला म्हणाली. "त्याच्यावरचं सगलं तुजं. काड आता फोटो. दोन काड."

साहेबांनी काढले. गॉगलवाल्यानं मोबाइल खिशात टाकला आणि कुणाला तरी फोन करायचाय म्हणून फाटकाकडे गेला. खोली बघायला आलेलं जोडपं कधी निघून गेलं ते कुणाला कळलंच नाही.

विमलाबाय पियुषसमोर उभी राहिली. "तू बी जानार आसशील तर आताच सांग. पाठीमागं नको."

पियुषनं चूळ भरली. "मावशी, खोली दिली तेव्हा पलंगाखाली लावायला विटा तुम्हीच दिल्यात. म्हणे हवा खेळते. तेव्हाच समजलो. मोरी उघडली तर राहतो, नाहीतर पावसाआधी बघू."

"बघू म्हनजे?"

"म्हणजे बघू."

त्याच्यावरही तिचा विश्वास बसला नाही.

पुढच्या आठवड्यात मार्गारेट टीचर वर्ग घेऊन परत आल्या. ह्या वेळी विमलाबायनं पाणी आधी दिलं, पण पट्ट्यांचा बांबू मुलाच्या हातातून काढून घेतला. प्रत्येक दारात तिनं स्वतः तो धरला, आकडा टीचरना मोठ्यानं वाचायला लावला आणि क्षितिजाला तो लिहिताना मान वाकवून पाहिलं. ओट्यावर नकाशा पसरून मुलं खालची गल्ली निळी करू लागली.

"आजी, आता पटलं ना?" टीचर म्हणाल्या.

"भिंत लाल पेन्सिलीनं काडा. आनि मोरी गाडलीय तितं लिवा, गाडलीय म्हनून. नुसतं निळं नको. उद्या तो गॉगलवाला म्हनंल, पानी देवीनं पाडलं."

क्षितिजानं लाल पेन्सिल घेतली. विमलाबाय तिच्या खांद्यावरून बघत राहिली, रेघ फाटकाच्या अलीकडेच थांबते की काय ते बघायला.

"पुढं," ती म्हणाली. "आजून पुढं. भिंत काय तितं संपत नाय."