गळणारी पेटी

कोल्हारच्या आमच्या घरासमोर आज रस्त्याचं काम चालू आहे. तापलेल्या डांबराचा वास आत आला आणि ह्यांची आठवण झाली. असंच डांबर सांध्यांना चोपडून ह्यांनी ओसरीवर बाभळीच्या फळ्यांची पेटी केली होती, मासे पाळायला. आम्हाला मूलबाळ नव्हतं. "घरात आपल्याशिवाय कायतरी हलतं पायजे," एवढंच म्हणाले होते.

त्या दुपारी पेटी भरली आणि सगळ्या सांध्यांतून गळायला लागली. मी चिडून फडकं आणलं, तर ह्यांनी हात धरला. "पुसू नको. लाकूड पाणी पिऊन फुगंल, मग आपसूक थांबंल. फकस्त कोरडं पडू द्यायचं न्हाई." ओल्या फरशीवर पाय भिजवत आम्ही थेंबांचा आवाज ऐकत बसलो. मला तेव्हा त्यात नुसता पसारा दिसत होता.

आता हे नाहीत. मासे तर त्याआधीच गेले. पेटी कोरडी पडली. फळ्यांच्या फटींतून पलीकडची भिंत दिसते.

मघाशी उठले आणि तिच्यात दोन बादल्या पाणी ओतलं. सगळीकडून गळतंय. फडकं हाताशी आहे, पण पुसलं नाही. किती दिवसांनी घरात माझ्याशिवाय काहीतरी हलतंय.